घरची लार्ड: चरबी कढवण्यापासून पायच्या पापुद्र्यांपर्यंत

चरबी कढायला ठेवली की सुरुवातीचा बराच वेळ पातेलं बोलत असतं. आधी बारीक चुरचुर, मग मोठाल्या बुडबुड्यांची गडबड, मग हळूहळू विरत जाणारी कुजबुज. तो आवाज पाण्याचा असतो. कच्च्या चरबीत अडकलेलं पाणी वाफ होऊन निघून जात असतं, आणि आवाज जवळजवळ थांबला की समजायचं, लार्ड झाली.

लार्ड म्हणजे डुकराची कढवून गाळलेली चरबी. ती कढवताना, साठवताना, पिठात घालताना किंवा तिच्यात तळताना जे काही बिघडतं, त्याचं मूळ मी शोधलं तेव्हा बहुतेक वेळा पाण्याशीच येऊन थांबलं. म्हणून या लेखात पाणी पुन्हा पुन्हा येईल. ज्यांच्याकडे घरचं जनावर आहे किंवा ओळखीच्या पाळणाऱ्याकडून कच्ची चरबी मिळते, त्यांना वर्षभराचं बेकिंग आणि तळण या एकाच पदार्थावर सहज निभावता येतं.

चरबी कुठली, त्यावर सगळं ठरतं

एकाच डुकराच्या अंगातली चरबी सगळीकडे सारखी नसते. मूत्रपिंडांभोवती आणि पोटाच्या पोकळीला आतून चिकटलेली जी जाड, कोरडी, पांढरीशुभ्र चरबी असते तिला लीफ चरबी म्हणतात. ती सगळ्यात घट्ट थिजते आणि तिला वास जवळजवळ नसतो. बेकिंगसाठी हीच. शंभर किलोच्या आसपासच्या डुकरातून ती साधारण 1 ते 2 किलोच निघते, तेव्हा ती वेगळी कढवा, वेगळ्या बरणीत ठेवा आणि तळणात उधळू नका. कातडीखालची पाठीची चरबी भरपूर मिळते, ती जरा मऊ असते आणि तिची चव थोडी मांसाकडे झुकते. भाज्या परतायला, तळायला, पावाच्या कणकेत घालायला ती उत्तम. तिसरी आतड्यांभोवतीची. तिला वशट वास असतो, म्हणून मी ती खाण्याच्या लार्डमध्ये मिसळत नाही. त्यातली पातळ जाळी मात्र अखंड निघाली तर बाजूला ठेवा. कमी चरबीचं मांस तिच्यात गुंडाळून भाजलं की कोरडं पडत नाही.

जनावर घरचं असेल तर चरबीची प्रत गोठ्यातच ठरते. डुकराने खाल्लेली चरबी फारशी न बदलता त्याच्या अंगात साठते. तेलकट खाद्य जास्त झालं तर लार्ड मऊ, ओघळणारी होते, बार्लीसारख्या धान्यावर वाढलेल्या जनावराची घट्ट होते. मासळीचे उरलेले तुकडे खाऊ घातले तर तो वास थेट चरबीत उतरतो, आणि कितीही कढवलं तरी जात नाही. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या नराच्या चरबीलाही एक उग्र दर्प असू शकतो. थंड असताना तो जाणवत नाही, गरम केल्यावर येतो. म्हणून सगळी चरबी पातेल्यात घालण्याआधी सुपारीएवढा तुकडा तव्यावर तापवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याने अख्खा दिवस वाचतो.

कढवणं

आदल्या दिवशी चरबी फ्रिजमध्ये ठेवा. शक्य झालं तर कापण्याआधी तासभर फ्रीजरमध्ये घाला. मऊ चरबी सुरीला चिकटते, हातात घसरते आणि बोट कापायची भीती राहते. घट्ट चरबीचे सरळ तुकडे पडतात. कापताना मांसाचे धागे, रक्ताचे डाग, गाठी, कातडी सगळं काढून टाका. लार्ड पिवळी पडते आणि वास धरते ती याच मांसाच्या कणांमुळे, कारण चरबी पूर्ण सुटायच्या आत ते करपतात. तुकडे एक सेंटीमीटरचे करा. खिमा करायचं यंत्र असेल तर त्यातून काढलेली चरबी सगळ्यात लवकर आणि सगळ्यात जास्त सुटते.

पातेलं जाड बुडाचं आणि स्टीलचं किंवा बिडाचं घ्या. तांब्या-पितळेचं भांडं नको, कारण तांब्याचा अंशही चरबी लवकर खवट करतो. पातेलं निम्म्याहून जास्त भरायचं नाही. दर किलोमागे साधारण 100 मिलिलिटर पाणी तळाशी घाला. हे पाणी चरबी सुटेपर्यंत बूड लागू देत नाही आणि शेवटी वाफ होऊन निघून जातं. आच अगदी मंद. घाई असेल त्या दिवशी हे काम काढूच नका. दोन-तीन किलोंना तीन ते चार तास लागतात.

पहिल्या अर्ध्या तासात दर पाच मिनिटांनी, नंतर दहा-पंधरा मिनिटांनी तळापासून हलवा. पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या आसपास अडून राहतं. पाणी संपलं की ते चढू लागतं, आणि तिथेच बेसावध माणूस लार्ड करपवतो. थर्मामीटर असेल तर 115 ते 120 अंशांवर थांबा. नसेल तर डोळे आणि कान पुरतात. बुडबुडे विरळ होतात, पातेल्याचा तळ दिसण्याइतकी चरबी नितळ होते, आणि इतका वेळ वर तरंगणारे तुकडे सोनेरी होऊन एकेक करून खाली बसू लागतात.

मी लार्ड दोन टप्प्यांत काढते. तुकडे अजून पांढरट असतानाच वरची नितळ चरबी पळीने वेगळी काढून घेते. ही पहिल्या धारेची, बिनवासाची, गोड पदार्थांना चालणारी. तिच्यात थोडं पाणी उरलेलं असतं, म्हणून ती दुसऱ्या छोट्या पातेल्यात बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा मंद आचेवर ठेवते. मोठ्या पातेल्यातले तुकडे कुरकुरीत होईपर्यंत चालू ठेवते, त्यातून निघालेली किंचित पिवळसर आणि खमंग लार्ड तळणासाठी. एकाच कढणात दोन बरण्या होतात, आणि कुठलीही वाया जात नाही.

गाळताना चरबी जराशी निवू द्या, पण पातळच हवी. गाळणीवर मलमलच्या कापडाचे दोन-तीन पदर घालून गाळा. कापड शेवटी पिळू नका, नाहीतर चोथ्याचे बारीक कण खाली उतरतात. चांगल्या स्वच्छ केलेल्या 1 किलो लीफ चरबीतून 750 ते 850 ग्रॅम लार्ड मिळायला हवी. फारच कमी मिळाली तर तुकडे मोठे राहिले किंवा आच लवकर बंद झाली असं समजा.

गरम असताना ती फिकट सोनेरी दिसते, थिजल्यावर पांढरी होते. हळूहळू थंड झाली तर रवाळ थिजते. यात दोष काही नाही, पण बेकिंगला गुळगुळीत हवी असेल तर दाट होऊ लागताच दोन-तीनदा घोटा आणि बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

बरणी

पहिल्या वर्षी माझ्या दोन बरण्या गेल्या. बरण्या धुतल्या, पुसल्या, पण झाकणाच्या आट्यांमध्ये ओल राहिली असावी. तीन आठवड्यांनी उघडल्या तेव्हा कडेला हिरवट बुरशीची रेघ होती आणि सुरी खुपसल्यावर तळाशी गढूळ पाण्याचा थेंब चमकत होता. शुद्ध चरबीत बुरशी वाढत नाही, तिला पाणी लागतं. तेव्हापासून मी बरण्या आणि झाकणं धुऊन 110 अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं कोरड्या करते आणि गरम असतानाच भरते. गरम बरणीला गरम चरबीने तडाही जात नाही. झाकण मात्र पूर्ण निवल्यावरच लावायचं, नाहीतर वाफेचे थेंब परत आत पडतात.

लार्डमध्ये तिला टिकवणारे नैसर्गिक घटक फार कमी असतात. बऱ्याच वनस्पती तेलांच्या मानाने ती हवा आणि उजेड लागून लवकर खवट होते. बरणी गळ्यापर्यंत भरा, अंधारात ठेवा, कोरड्या चमच्यानेच काढा. फ्रिजमध्ये ती सहा महिने निर्धास्त राहते, फ्रीजरमध्ये वर्षभर आणि वरही. छोट्या बरण्या मोठ्या बरणीपेक्षा बऱ्या, कारण उघडलेली लवकर संपते. काही जण प्रेशर कुकरमध्ये सीलबंद करून लार्ड बाहेर साठवतात. तसं करू नका. चरबीतून उष्णता नीट पोचत नाही, आणि आत अडकलेल्या पाण्यात किंवा मांसाच्या कणात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू हवेशिवाय वाढू शकतात. मांस लार्डखाली बुडवून ठेवायचं असेल तरी ते फ्रिजमध्येच, 4 अंशांच्या खाली.

लार्डला मांसाचा वास राहिला किंवा रंग तपकिरी आला तर ती धुता येते. तिच्याइतकंच पाणी आणि एक चमचा मीठ घालून दहा मिनिटं हलकी उकळा, थंड करा. चरबीची चकती वर थिजेल आणि कण तिच्या खालच्या बाजूला चिकटून बसतील. ते सुरीने खरवडा, चकती पुसून कोरडी करा आणि पुन्हा मंद आचेवर, आवाज थांबेपर्यंत, पाणी घालवा. गरज पडली तर दोनदा. खवटपणाला मात्र उपाय नाही. जुन्या तैलरंगासारखा वास आला की ती लार्ड स्वयंपाकातून बाद.

पिठात लार्ड

बटरमध्ये सुमारे 80 टक्के चरबी असते आणि बाकी बहुतेक पाणी. लार्ड जवळजवळ निव्वळ चरबी. म्हणून बटरच्या पाककृतीत लार्ड वापरताना 100 ग्रॅम बटरच्या जागी 80 ग्रॅम लार्ड आणि एक मोठा चमचा पाणी घ्यावं, बटर खारट असेल तर चिमूटभर मीठही. हे गणित न करता वजनाला वजन घातलं की पदार्थ ओशट होतो आणि दोष लार्डला दिला जातो.

लार्ड थिजताना तिचे स्फटिक मोठे आणि खरबरीत होतात. पाय (pie) म्हणजे पिठाच्या कवचात सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि त्याच्या कवचाला हेच लागतं. पिठाच्या थरांमध्ये चरबीचे तुकडे न वितळता टिकतात, ओव्हनमध्ये वितळून जागा सोडतात आणि त्या जागी पापुद्रा सुटतो. केकसाठी चरबी साखरेबरोबर फेटून हवा धरायची असते, आणि तिथे हेच मोठे स्फटिक आड येतात. माझं स्पष्ट मत आहे की फेटून करायच्या हलक्या केकसाठी लार्ड वापरू नये. वितळवून घालायच्या, आलं-मसाल्याच्या दाट केकात ती छान लागते.

पायचं कवच सगळ्यात आधी शिका. 23 सेंटीमीटरच्या पायला खालचं आणि वरचं मिळून 300 ग्रॅम मैदा, 150 ग्रॅम लीफ लार्ड, 5 ग्रॅम मीठ आणि 70 ते 90 मिलिलिटर बर्फासारखं थंड पाणी लागेल. लार्ड फ्रिजमधून काढून नखाएवढे तुकडे करा आणि मैदा-मिठात टाका. आता बोटांच्या टोकांनी, तळव्याने नाही, प्रत्येक तुकडा पिठात घोळवत चपटा करा. दोनतृतीयांश लार्ड रव्यासारखी मिसळली आणि उरलेली वाटाण्याएवढ्या चपट्या चकत्यांमध्ये राहिली की थांबा. पीठ मुठीत दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचताच फुटला पाहिजे. लार्ड बोटांवर चमकू लागली तर ती वितळते आहे, भांडं सरळ दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

पाणी चमच्याचमच्याने शिंपडा आणि काट्याने हलवत राहा. मोहन चांगलं लागलेलं पीठ पाणी कमी मागतं. म्हणून लिहिलेलं सगळं पाणी ओतायचं नाही, पीठ दाबल्यावर एकत्र आलं की पुरे. इथे जास्त झालेलं पाणी मैद्याचा चिवटपणा जागा करतं आणि कवच वातड होतं. मळायचं अजिबात नाही. दोन चपटे गोळे दाबून झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मग पीठ भुरभुरून मधून कडेकडे, दर वेळी थोडं फिरवत, 3 मिलिमीटर जाडीचं लाटा. लाटताना कणकेत चरबीचे पांढरे ठिपके आणि लांबट रेघा दिसल्या की समाधान मानावं, तेच पापुद्रे होणार आहेत. फळांचं पाय असेल तर ओव्हनच्या खालच्या तिसऱ्या भागात 210 अंशांवर वीस मिनिटं, नंतर 180 अंशांवर आणखी तीस-पस्तीस. लार्डच्या कवचाला रंग बटरपेक्षा उशिरा येतो, कारण तिच्यात दुधाचा अंश नसतो. वरून दूध किंवा अंडं लावलं तर तो येतो. गोड पायला चव हवी असेल तर निम्मी लार्ड, निम्मं बटर घ्या. मला तरी तेच सगळ्यात आवडतं.

मांसाच्या उभ्या पायला उलटी रीत. 180 मिलिलिटर पाणी आणि 150 ग्रॅम लार्ड एकत्र उकळी आणा, 7 ग्रॅम मीठ घातलेल्या 450 ग्रॅम मैद्यात ओता, लाकडी चमच्याने ढवळा आणि हाताला सोसेल इतकं निवताच मळून घ्या. ही कणीक कोमट असतानाच साच्याला दाबून बसवायची, थंड झाली की चिरा पडतात. पापुद्रे येत नाहीत, पण रस आत धरून ठेवणारं मजबूत कवच होतं. आतलं मांस मधोमध 75 अंशांपर्यंत शिजलं आहे याची खात्री करा.

पावात लार्डचं काम वेगळं आहे. 500 ग्रॅम मैद्याला 25 ग्रॅम लार्ड, 310 मिलिलिटर कोमट पाणी, 9 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. लार्ड सुरुवातीला घालू नका. पीठ पाच मिनिटं मळून तार धरू लागलं की मग घाला. आधी घातली तर ती पिठाच्या कणांवर बसते आणि मळायला दुप्पट वेळ जातो. हा पाव मऊ होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुकून जात नाही. साच्याला आतून लावायलाही लार्डच घ्या, बटरसारखी ती कडेने जळत नाही.

स्कोनसारखे झटपट फुगणारे छोटे पाव हवे असतील तर 250 ग्रॅम मैदा, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा खाण्याचा सोडा, 4 ग्रॅम मीठ, 60 ग्रॅम थंड लार्ड चोळून 170 मिलिलिटर थंड ताकात हलक्या हाताने गोळा करा. अडीच सेंटीमीटर जाड थापून कापा आणि 220 अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा. साच्याने कापताना तो पिळून फिरवू नका, कडा मिटतात आणि पाव वाकडे फुगतात.

कुकीजमध्ये निम्मं बटर ठेवून निम्म्याच्या जागी लार्ड घाला. 200 ग्रॅमच्या कृतीत 100 ग्रॅम बटर आणि 80 ग्रॅम लार्ड. खुसखुशीतपणा लार्डचा, चव बटरची.

तळण आणि बिडाचा तवा

लार्डमधून धूर साधारण 190 अंशांवर निघू लागतो. तळायला 170 ते 180 अंश पुरतात. थर्मामीटर नसेल तर पावाचा चौकोनी तुकडा टाका, तो मिनिटभरात सोनेरी झाला की चरबी तयार. कढई निम्म्याहून कमी भरा आणि पदार्थ पुसून कोरडा करा. ओला तुकडा गरम चरबीत गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि चरबी उसळून हातावर येते. आग लागलीच तर गॅस बंद करून झाकण ठेवा, पाणी कधीही ओतू नका. पाणी तळाशी जाऊन वाफ होतं आणि पेटलेली चरबी स्वयंपाकघरभर फेकतं.

तळून झाल्यावर निवू द्या आणि कापडातून गाळून वेगळ्या बरणीत ठेवा. तीन-चारदा वापरता येते. मासे शेवटच्या खेपेलाच तळा. फेस टिकून राहू लागला, रंग गडद झाला किंवा कमी तापमानालाच धूर येऊ लागला की ती संपली.

बिडाचा तवा तयार करायला लार्ड चांगली. तापलेल्या कोरड्या तव्याला अगदी पातळ हात फिरवा, मग कापडाने जणू चुकून लागली होती अशी पुसून काढा आणि तवा पालथा घालून 220 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा. थर जाड राहिला की चिकट होतो. हे रोज वापरायच्या तव्यालाच करा, महिनोन्महिने पडून राहणाऱ्या तव्यावरचा थर खवट वास धरतो.

लार्डमध्ये सुमारे 40 टक्के संपृक्त चरबी असते आणि ऊर्जा 100 ग्रॅमला 900 कॅलरींच्या आसपास, तेव्हा ती रोज मोजूनच वापरलेली बरी. आणि कुणालाही खाऊ घालण्याआधी सांगा. डुकराचं काहीही न खाणारे पुष्कळ असतात आणि लार्ड पायच्या कवचात डोळ्यांना दिसत नाही. माझ्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते: कुठली चरबी, कधी कढवली, गोडासाठी की तळणासाठी.

राहिला चोथा. गाळणीवर उरलेले सोनेरी तुकडे गरम असतानाच मीठ लावून खाल्ले तर संपूनच जातात. उरले तर बारीक चिरून वरच्याच पावाच्या कणकेत 100 ग्रॅमपर्यंत घाला आणि त्या दिवशी लार्ड निम्मी करा. ते चार-पाच दिवसच टिकतात, तेही फ्रिजमध्ये. वापरून संपलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका, नळात थिजून बसते. डब्यात थिजवून कचऱ्यात टाका, किंवा वर सांगितल्यासारखी धुऊन साबणासाठी साठवत जा.